पहिली पसंती

मिन्या, इजिप्त

प्रिय शाहिनाझ,

तुझी धाकटी बहीण रबाब गेल्या आठवड्यात कॉलेजचा अर्ज भरायला माझ्याकडे आली. सहा वर्षांपूर्वी तूही अशीच आली होतीस. तुला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. "एवढे मार्क म्हशींवर उधळतेस?" म्हणत मी हसलो आणि पहिली पसंती मेडिकल टाकली. तिसऱ्या वर्षी तू ते सोडलंस, लग्न करून कुवेतला गेलीस. मला फोन केला नाहीस.

रबाबला इंजिनिअरिंग सहज मिळतंय, पण तिला नर्स व्हायचंय. तुझी आई म्हणाली, "शेजारणींना काय तोंड दाखवू?" मी रबाबला ओळखीच्या नर्सबरोबर दिवसभर वॉर्डात ठेवलं. संध्याकाळी बाहेर येऊन ती म्हणाली, "मामा, पाय मोडले. उद्या परत येऊ?"

अर्ज तिनंच भरला. मी शेजारी नुसता बसलो होतो.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं, तर मला माफ करायचं ओझं तुझ्यावर पडेल.

जाताना रबाबनं विचारलं, "ताईला असं का नाही नेलंत?"

मी म्हणालो, "तेव्हा मला सगळं कळत होतं."

तुझा मामा,
वग्दी