पिवळ्याचं निळं

९ जून
प्राचार्यांनी बोलावलं. अकरावी सायन्सले पोरं नाई मिळाली तर शाखा बंद. म्हणजे मीबी बंद. शनिवारी पालक येणार. "मॅडम, काहीतरी दाखवा त्यायले." काय दाखवू, फुटका मायक्रोस्कोप? माह्याजवळ एकच आहे, मागच्या टाकीतलं शेवाळ. आठ महिने पोसलं.

१० जून
तालीम केली. बरणीत निळं औषध, चिमूटभर शेवाळ. नळीनं फुंकलं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात गेला, पाणी पिवळं. उन्हात ठेवलं. दोन तासांत शेवाळानं तो खाऊन टाकला, पाणी परत निळं! इतक्या वर्षांनीबी बरं वाटते पाहून. बाकी पाय लय दुखून राह्यले.

१२ जून
घात झाला. टाकीचा तळ दिसते. आमचे शिपाई रफीकभाई बाजूले उभे, खुश. "पाव्हणे येऊन राह्यले ना मॅडम. पाणी लय खराब होतं, तुरटी फिरवली."
ओरडली. लय ओरडली. मग स्टाफरूममधे जाऊन रडली. त्यायचं काय चुकलं? गढूळ पाण्याले घरोघरी हेच करतात. शेवाळ कायले पोसून राह्यली, हे मी त्यायले कधी सांगितलंच नाई. वीस वर्षं एकाच कॉलेजात आहो आमी.

१३ जून
तळातला गाळ चमच्यानं काढला, चार पाण्यानं धुतला. जिवंत की मेलं, सांगता येत नाई. थकली. रफीकभाई जवळ येऊन बसले. शेवाळ कायले पाहिजे, ते आज सांगितलं त्यायले.
"हे श्वास खाते म्हणता?"
"उन्हात. तुमचाबी खाईन."
"आन् अंधारात?"
यंदा एकाही पोरानं हे विचारलं नाई. अंधारात नाई खात, उलट सोडते. सांगितलं. ऐकत बसले.

१४ जून, ११.४०
बाकावर बसून लिहून राह्यली. पालक आले. फॉर्म कोरेच. दोन बरण्या, दोन्हीत निळं औषध आन् धुतलेलं शेवाळ, दोन्हीत रफीकभाईनं फुंकलं. एक उन्हात, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून. ऊन येते, जाते.

१२.५०
उन्हातली पिवळी नाई राह्यली. हिरवट दिसते. पण पिवळ्याचं निळं होताना मधे हिरवंच लागते, आन् पिवळ्या पाण्यात मेलेलं शेवाळ असलं तरी हिरवंच दिसणार. कागद काढून दोन्ही बरण्या शेजारी ठेवल्या की कळेल, सारख्याच दिसल्या तर मेलं. हात होत नाई माहा.
एक बाई म्हणे, "उघडा ना मॅडम, बस जाईन आमची."
रफीकभाई कागदावर हात ठेवून उभे. "थांबा जरासक," म्हणे त्या बाईले. माह्याकडं पाहत नाईत.