नानांची गुरुवारची ऑर्डर

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ठमाबाई,

थोरलीचे आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील तर आधी पाणी पी. कुणाला काही झालेलं नाही. मी फोन उचलत नाही म्हणून तू चिडली असशील आणि ते बरोबरच आहे. पण फोनवर माझं नुसतं हं, हं होतं, मग तू विचारतेस, "ऐकतेयस ना?" कागद तसं विचारत नाही, एवढंच.

घरचं म्हणशील तर नळ गळायचा तो गळतोच आहे. नानांच्या खोलीची खिडकी मी लावून घेतली. शेजारच्या काकू डोकावतात, "काय केलं होतंस आज?" म्हणतात, मी काहीतरी ठोकून देते.

दुकानात अजून मागच्या दाराशीच आहे, घेऊन जायच्या खिडकीवर. लोक घरबसल्या फोनवर सामान निवडतात. कुठल्या रांगेत काय आहे ते माझ्या हातातलं मशीन सांगतं, मी गोळा करते, पिशवीत भरते, नाव चिकटवते, 'तयार' दाबते. त्यांना मेसेज जातो, ते येतात, कोड सांगतात, पिशवी उचलतात. न्यायला आलं नाही कुणी, तर दुसऱ्या दिवशी सगळं परत जागच्या जागी लावायचं. मला बरं पडतं गं. मशीन म्हणेल तिकडे चालायचं. डोकं घरी ठेवून आलं तरी भागतं.

नानांना आधी हे सगळं थोतांड वाटायचं, आठवतंय ना? "हात नाहीत का मला? मी उचलीन की सामान!" मग तूच सुट्टीत आलीस तेव्हा त्यांना शिकवलंस आणि म्हातारा असा काही पेटला! दर गुरुवारी ऑर्डर. ठरलेलं सामान: लिंबाचा साबण, खारी बिस्किटं, केळी, दाढीची पाती. 'तयार'चा मेसेज जायच्या आधीच खिडकीसमोर हजर. घरपोच मागवा म्हटलं तर म्हणाले, "ते आजाऱ्यांसाठी." खरं म्हणजे त्यांना खिडकीत मला बघायचं असायचं. कोड विचारला की सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडायचे, "बापाला कोड विचारतेस?" आणि मग कोडही तेवढ्याच जोरात सांगायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नाना गेले, आणि त्यानंतरच्या गुरुवारीसुद्धा ऑर्डर आली.

हे मी तुला सांगितलं नव्हतं. मशीनवर नाव आलं, मी उभी राहून बघितलं आणि गोळा करायला निघाले. दुसरं काय करणार? मॅनेजरबाई म्हणाल्या, "त्यांनी आपोआप येणारी लावून ठेवली असेल, बंद करू या का?" मी म्हटलं, बघते. तेव्हापासून दर गुरुवारी बघतेच आहे. पिशवी भरते, त्यांचं नाव चिकटवते, फळीवर ठेवते. शुक्रवारी साबण, बिस्किटं, पाती परत लावते. केळी परत लावायची नसतात, ती मी मागे उभ्या उभ्या खाते. खरं सांगायचं तर शुक्रवारी पोटात जातं ते तेवढंच. बाकीच्या दिवशीचं विचारू नकोस.

मला रडू येत नाही, ठमे. सगळे म्हणतात, रड, मोकळी हो. मी काय मुद्दाम अडवून धरलंय? कामावर जाते, येते, चपला घालूनच पलंगावर पडते. कुणी हाक मारली तर ती मलाच मारलीय हे कळायला वेळ लागतो. काकू म्हणतात, "किती खंबीर आहेस!" डोंबलाची खंबीर.

तर गेल्या गुरुवारी लिंबाचा साबण संपला होता. अशा वेळी मशीन विचारतं: बदली वस्तू सुचवायची का? सुचवली की गिऱ्हाइकाला मेसेज जातो. नानांना मी एकदा गुलाबाचा सुचवला होता, तर त्यांनी फोनवरच झापलं, "नवरदेव व्हायचंय का मला? नाही म्हणजे नाही!" त्यांनी आयुष्यात कधी बदली वस्तू घेतली नाही. एवढं माहीत असून माझ्या बोटाने सवयीनं गुलाबाचाच दाबला. गेलेल्या माणसाला मेसेज धाडला मी. स्वतःलाच म्हटलं, शाबास.

आणि उत्तर आलं. लगेच. "चालेल."

मी खोक्यावर बसले. आपोआप येणारी ऑर्डर काही 'चालेल' म्हणत नाही. आणि नाना तर जन्मात म्हणाले नसते.

नाना गेल्यावर त्यांच्या कपाटातलं तू काही घेतलं नाहीस. फक्त त्यांचा फोन मागितलास. मला वाटलं, फोटोंसाठी.

नंतर बसल्या बसल्या मी मशीनवर बघितलं की 'तयार' दाबल्यावर गिऱ्हाइकाला नेमकं काय दिसतं. मी इतकी दाबते, पण कधी बघितलंच नव्हतं. 'तुमची ऑर्डर तयार आहे' आणि त्याच्याखाली सामान कुणी भरलं त्याचं नाव. माझं नाव. म्हणजे मी फोन उचलत नाही, दारावरची बेल ऐकून न ऐकल्यासारखं करते, आणि तू तिकडे दर गुरुवारी म्हाताऱ्याचं सामान मागवून बघतेस की ही उठली का, कामावर गेली का, आहे ना अजून. मी 'तयार' दाबलं की तुझा आठवडा जातो.

कसली गं तू! मला विचारायचं तरी. पण विचारत होतीसच म्हणा, मीच उचलत नव्हते. तरी मला रडू आलं नाही. खोक्यावरून उठले, पिशवीत गुलाबाचा साबण टाकला आणि पुढची ऑर्डर घेतली.

आता मुद्द्याचं. ज्या खात्यांचं सामान सारखं न नेता पडून राहतं, ती खाती या महिन्याअखेर बंद होणार. वरूनच नियम आलाय, मॅनेजरबाईंच्या हातात नाही. नानांचं खातं त्यात आहे. कुणीतरी येऊन एकदा सामान नेलं तर राहील. मी नेलं तर चालतं, त्यांनीच सुचवलं, "तुम्हीच घ्या ना." मी नको म्हटलं. मी नेलं तर तुला कळेल की सामान गेलं, ताई बरी आहे. आणि तू निवांत होशील.

मी बरी नाहीये.

हे तोंडाने मला सांगता येत नव्हतं, म्हणून एवढं चऱ्हाट लावलं. हे पत्र पोचेपर्यंत एक गुरुवार जाईल. त्याच्या पुढच्या गुरुवारी ऑर्डर कर, काय हवं ते, तुझ्या आवडीचं. मी भरून ठेवीन. आणि ठमे, न्यायला तू ये. सामानाबरोबर मलाही घेऊन जा थोडे दिवस.

तुझी,
तू येईपर्यंत 'तयार' दाबत राहणारी
ताई