सपाट रेषा

सोमवार

आलो एकदाचे! मी आणि शेपटासारखा मागे लागलेला माझा धाकटा भाऊ. सरांनी त्यालाही चिकटवून घेतलं, नमुने कापायच्या खोलीत. सर म्हणजे इथले प्रमुख. चहा स्वतः करतात, बोलतात गोड. सिंक्रोट्रॉनची इमारत भलीमोठी, गोल. कड्यात इलेक्ट्रॉन सुसाट धावतात, त्यांचा अवरक्त प्रकाश आमच्या सूक्ष्मदर्शकात येतो. त्याखाली कातडीचा पापुद्रा ठेवला की पडद्यावर रेषेचे डोंगर उमटतात: हे प्रथिन, ही चरबी. भाजलेली कातडी भरून कशी येते, हा सरांचा विषय. पापुद्रे इस्पितळातून येतात, वेगवेगळ्या मृतांचे. माझ्या आधीची बाई न सांगताच निघून गेली म्हणे. बरंच झालं, मला नोकरी मिळाली.

गुरुवार

आज माती खाल्ली. आधी रिकाम्या चकतीचं मोजमाप घ्यायचं, मग कातडीचं; यंत्र दुसऱ्यातून पहिलं वजा करतं. मी वेंधळी! रिकाम्या चकतीऐवजी एका मृताच्या पापुद्र्याचंच मोजमाप घेतलं, आणि मग दुसऱ्याचा ठेवला. माणूस बदलला की थोडे तरी चढउतार यायलाच हवेत. आली सपाट रेषा. म्हणजे दोन्ही कातड्या एकाच माणसाच्या.

मग मुद्दाम तीच चूक करत बसले. सगळे पापुद्रे सपाट. कागदावर माणसं निराळी, कातडी एकाचीच. वर पापुद्र्यांच्या कडेची जखम तारखेगणिक भरत आलेली. मेलेल्याची जखम भरते होय?

जेवताना भावाला सांगितलं. आधी म्हणाला, ताई, तुझं डोकं फिरलंय. मग सांगू लागला: त्याच्या खोलीच्या आतल्या कुलूपबंद दारामागून कण्हणं ऐकू येतं. सर म्हणतात, पंप आहे. उद्या बघतोच, म्हणाला. मी अडवलं नाही.

शुक्रवार

भाऊ कुठेच दिसत नाही. सर म्हणतात, सामान आणायला धाडलंय.

नवे पापुद्रे आले. जुन्यांतून वजा करून पाहिले. डोंगरच डोंगर. माणूस नवा आहे —

शुक्रवार, संध्याकाळ

आग विझवायचं नळकांडं घालून कुलूप फोडलं. आत ती बाई, माझ्या आधीची. पाठीला कातडी नाहीच, नुसतं लाल. डोळे हलत होते. शेजारी भाऊ, पट्ट्यांनी बांधलेला, हात कोपरापासून सोललेला. ताई, एवढंच म्हणाला. मागून सरांनी सुरी खुपसली माझ्या खांद्यात. मी नळकांडं तोंडावर हाणलं, दात उडाले, तरी मेला हसतोय! भावाचा एकच पट्टा सुटला. मी पळाले. थू माझ्यावर, पळाले.

यंत्राच्या खोलीत कडी लावून बसलेय. फोन तिकडेच पडला. रक्त थांबत नाही.

नंतर

भाऊ ओरडतोय. थांबतो. परत —

सर दाराशी आलेत. शांतपणे म्हणतात, बाई गेली. आता कातडीसाठी एकच जिवंत माणूस हवंय. कोण ते सांग, दुसऱ्याला सोडतो.

म्हटलं, मला घ्या. त्याला सोडा. कडी काढली —

सर हसले. म्हणाले, त्यालाही मघाशी हेच विचारलं. तो म्हणाला, ताईला घ्या.

दार पाठीने रेटून धरलंय, कडी परत लाग