रसायनशास्त्र, भाग दोन

१२ ऑगस्ट
डेअरी बंद पडून चार महिने झाले. वय सेहेचाळीस. निर्णय पक्का. दोन वर्षं गावच्या कॉलेजात, मग थेट विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला. पर्यावरणशास्त्र. मग मी पाणी तपासणारा साहेब. आमच्या विहिरीचं पाणी खराब आहे हे पोटाला कळतं, पण कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, साहेबांना पटवायला डिग्री लागते.

१९ ऑगस्ट
कॉलेजच्या सल्लागार मिसेस बाउटिस्टा म्हणाल्या, आधी रसायनशास्त्र घ्या. भाग एक ऑगस्टच्या शरद सत्रात, भाग दोन जानेवारीच्या वसंत सत्रात, वर्षातून एकदाच. बाकीचे विषय थांबतील, हा थांबणार नाही. बाई भल्या आहेत, पण माझी कुवत त्यांना ठाऊक नाही. आधी पाया घालतो. घेतलं: बोलिंग (गोळा घरंगळत सोडून लाकडी बाटल्या पाडायच्या), द्राक्षबागांचा इतिहास, सिनेमातला निसर्ग.

३ जून
तिन्हींत अव्वल! विद्यापीठ यांतलं काहीच धरत नाही म्हणे. त्यांचं नुकसान. बायको नोरीन म्हणाली, वर्षभरात विहीर तशीच आहे, तुझा बोलिंगचा हात मात्र सुधारला.

१४ डिसेंबर
रसायन भाग एक काठावर पास. वर्गातल्या इत्झेलच्या वह्यांनी तारलं. (अर्थात समज माझी.) ती बदाम फोडायच्या शेडमध्ये राबते, दोन लेकरं आहेत. मला डॉन लाइल म्हणते, म्हणजे आपलं लाइलराव. तिचे बाकी सगळे विषय झाले, भाग दोन तेवढा राहिला. मग दोघंही विद्यापीठात. जाताना म्हणाली, डॉन लाइल, आजच नाव घाला बरं का. पंधरा विद्यार्थी झाले नाहीत तर वर्ग रद्द करतात.

२ जानेवारी
वेळापत्रकात शिक्षकाच्या जागी नुसतं ‘स्टाफ’ लिहिलंय. मी माझं भविष्य अनोळखी माणसाच्या हाती देत नाही. त्याचं नाव कळलं की माझं घालू.

९ जानेवारी
अजून ‘स्टाफ’च. इत्झेलचा फोन. म्हणाली, कोणीही शिकवेना का हो, सैतान आला तरी मी पहिल्या बाकावर बसेन! तुम्ही घातलंत ना? म्हटलं, घातल्यातच जमा.

१३ जानेवारी, सकाळी ९
वर्ग रद्द. विद्यार्थी चौदा. मिसेस बाउटिस्टा म्हणाल्या, आता पुढच्या वसंतात. विद्यापीठाला पत्र लिहायला घेतलंय: तरुण पिढीला पर्यावरणाची आस्थाच नाही. पहिला परिच्छेद झकास झालाय.

२१ जानेवारी
इत्झेल पेट्रोलपंपावर भेटली. शेडमध्ये तिने दुसरी पाळीही धरलीय. पुढच्या वर्षी घेशील की, म्हटलं. म्हणाली, पुढच्या वर्षी लेकरांना कोण सांभाळणार? या वर्षापुरतीच माझी बहीण येऊन राहिलीय.

मी म्हटलं, आजकालच्या पोरांना शिस्त नाही, दुसरं काय.

म्हणाली, पोरं सगळी होती, डॉन लाइल. मी यादी पाहिली.

शेडमध्ये तिच्या कामाची वेळ झाली होती. ती गेली.