पारड्याखालची चिंच

नाना, हे पत्र मी एका लॅपटॉपवर लिहिते आहे आणि तो माझा नाही. उद्या दुपारी तो परत जाणार. लॅपटॉप म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्यासाठी फोन आला की शेजारच्यांच्या खिडकीतून हाक यायची. दोन दोनशेपानी वह्या एकावर एक ठेवल्या तर जेवढं होईल तेवढी ही वस्तू. उघडली की वरच्या अर्ध्यात चित्र दिसतं, खालच्या अर्ध्यात टाइपरायटरसारखी बटणं. हजेरी, प्रश्नपत्रिका, पत्रं, सिनेमा, गाणी, सगळं याच्यावर होतं. आमच्या शाळेला शिक्षकांसाठी असे चाळीस घ्यायचे आहेत. कोणता घ्यावा यावर टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं, एक तर मी कॉम्प्युटर शिकवते म्हणून आणि दुसरं म्हणजे मला नाही म्हणता येत नाही म्हणून. दुकानानं सात दिवसांसाठी एक नमुना दिला, त्यातले सहा झाले. बटणं कशी चालतात हे पाहायचं तर काहीतरी लांबलचक टाइप करायला हवं, जोडाक्षरांसकट. लांबलचक लिहावं असं तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही.

आधी वजन. तुम्ही असता तर तुम्हीही तेच आधी केलं असतं. खोक्यावर नऊशे ऐंशी ग्रॅम छापलं आहे. माझ्याकडे स्वयंपाकघरातला बॅटरीवरचा काटा आहे, पण तो खरा की खोटा हे कशावरून ठरवायचं? साखरेचा किलोचा पुडा ठेवून पाहिला आणि मलाच हसू आलं. पुडा बरोबर आहे हे तरी कुणी सांगितलं? तोलमाप खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरात आज एकही खात्रीचं वजन नाही. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही ती मखमलीच्या खाचांतली पितळी वजनं पेटीसकट जमा केलीत, पुसायचं फडकंसुद्धा. आई म्हणाली होती, फडकं तरी ठेवायचं. असो. रिकामा काटा दोनदा शून्य दाखवतो हे पाहिलं आणि मग लॅपटॉप ठेवला. एक हजार बारा ग्रॅम. चार्जरचे आणखी तीनशे. कंपनी चार्जर वजनात धरत नाही, पण चार्जर घरी ठेवून कामाला जाणारा शिक्षक मला अजून भेटायचा आहे.

बाकीचं सांगते. पडदा सुरेख आहे. अक्षरं इतकी स्वच्छ दिसतात की पहिल्या दिवशी मी चष्मा काढून वाचून पाहिलं. मात्र दुपारी खिडकीशी बसलं की अक्षरांऐवजी आपलं स्वतःचंच तोंड दिसतं, आणि या वयात ते कुणाला हवं असतं? बटणं उथळ आहेत, दोन दिवस प्रत्येक काना दोनदा उमटत होता, आता बोटं रुळली. आवाज जवळजवळ नाहीच. माझ्या जुन्या मशीनवर टाइप करताना शेजारचे विचारायचे, शेंगदाणे कुटताय का? बॅटरी दिवसभर चालते असं म्हणतात, माझ्याकडे साडेसहा तास चालली. मांडीवर घेतला तर या एप्रिलात वीस मिनिटांनी खाली टॉवेल घालावा लागतो. रविवारी तीन तासांचा तेलुगू सिनेमा पाहिला. बोलणं खणखणीत ऐकू येतं, गाणी मात्र डब्यात बसून म्हटल्यासारखी. आणि माझा उजवा खांदा दोन वर्षं आखडलेला आहे हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. हा लॅपटॉप पिशवीत घालून मी बसथांब्यापर्यंत चालत गेले, आणि तिथे पोचल्यावर तो आत आहे ना हे मला चाचपून पाहावं लागलं. मला तो फार आवडला. हे टिपणात लिहिलेलं नाही.

तो घेऊन आली ती मुलगी माझीच विद्यार्थिनी. दहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होती, शेवटून दुसऱ्या बाकावर, गणितात कच्ची पण बोलण्यात कुणाला हार न जाणारी. अंबरपेठेत आपल्या जुन्या घरापासून तिसऱ्या गल्लीत राहते. आता हिमायतनगरच्या मोठ्या दुकानात आहे, दुकानाचा टी-शर्ट घालते, केस घट्ट बांधते. घरी मराठी बोलतात, पण वाचता येत नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तिनं लॅपटॉप उघडला, प्रोजेक्टरला जोडला आणि भिंतीवर चित्र आलं तेव्हा दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. "याला सगळं लागतं, मॅम. प्रोजेक्टर, पेनड्राइव्ह, जे पाहिजे ते," ती म्हणाली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथे तिचा आवाज बदलला.

"मॅम, तुम्ही बघणार म्हटल्यावर मला टेन्शन नै. पण एक बोलू का? हे आर्डर झालं तर मी पक्की होते. नै तर जूनमध्ये घरी बस म्हणतील."

"घरी कोण कोण असतं आता?"

"मम्मी आणि छोटा भाऊ. पगार माझाच आहे, मॅम."

मी बघते म्हटलं. बघते म्हणजे काहीच नाही हे तिलाही कळत होतं, तरी तिनं रस्त्यात वाकून माझ्या पायांना हात लावला आणि स्कूटीवर बसून गेली.

तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप आठवीच्या वर्गात नेला. प्रोजेक्टरची जाड केबल हातात घेतली आणि ती लावायला जागाच नव्हती. दोन्ही कडांना मिळून दोन बारीक लांबट भोकं, तीही चार्जरच्या मापाची. पेनड्राइव्हही जाईना. पोरांनी लगेच सल्ले द्यायला सुरुवात केली, एकानं तर कंपासपेटी काढली. दुकानाच्या त्या मुलीनं पहिल्या दिवशी बोटभर लांबीचा एक जोडतुकडा मध्ये लावला होता आणि जाताना तो स्वतःच्या बॅगेत परत नेला होता. खोक्यात तो मिळत नाही. चाळीस शिक्षकांना चाळीस वेगळे घ्यावे लागणार, आणि आमच्या शाळेत फळा पुसायचं डस्टरसुद्धा आठवडाभर टिकत नाही. मी तिला फोन केला.

"अगं, मध्ये काय जोडलं होतंस तू?"

"अडॅप्टर, मॅम. तो वेगळा घ्यावा लागतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पूछलंच नै ना." मग हळू आवाजात, "पूछलं असतं तर मी झूट नसते बोलले, मॅम."

फोन ठेवल्यावर मला तुम्ही आठवलात. तोवर आठवला नव्हतात असं नाही, पण आता कोठीच्या बाजारासकट आठवलात.

आईला दवाखान्यात जायचं होतं, शाळेला सुट्टी होती, म्हणून तुम्ही मला तपासणीच्या फेरीवर बरोबर नेलंत. मी आठ वर्षांची होते. कोठीला पुस्तकांच्या दुकानांसमोर फुटपाथवर ती पेरूवाली बसायची, पेरूला जाम म्हणणारे सगळे तिला जामवाली म्हणायचे. तुम्ही पलीकडच्या दुकानात वजनं तपासत होता आणि मी तिच्यापाशी उभी होते. ती मला एक पेरू चिरून, तिखटमीठ लावून देते. पैसे मागत नाही. मी खाते आहे. तिच्या हातातला तराजू माझ्या डोळ्यांसमोर हलतो आहे, कुणाला तरी ती अर्धा किलो देते आहे. तुम्ही रस्ता ओलांडून येता आणि नेहमीप्रमाणे काही न बोलता हात पुढे करता. ती तराजू देत नाही, मग देते. तुम्ही पारड्याखालून तर्जनी फिरवता, बोट नाकाशी नेता. चिंच. पेरू ठेवायच्या पारड्याला खालून लिंबाएवढा चिंचेचा गोळा चिकटवलेला होता. म्हणजे तेवढ्या वजनाचे पेरू गिऱ्हाइकाला कमी.

"साब, एक बार माफ करो साब. घर में चार लोगां हैं, मैं अकेली बैठती."

तुम्ही रुमालाला बोट पुसलंत, तराजू ताब्यात घेतलात, कागद केलात, तिचा अंगठा घेतलात. आवाज चढवला नाहीत. मी हातातला पेरू कुठे टाकावा हे शोधत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "खाऊन टाक. पेरूत काही खोट नाही." तो मी कसा खाल्ला ते माझं मला माहीत.

बसमध्ये मी रडले. ती गरीब आहे ना, असं विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आहे. ते वेगळ्या कागदावर लिहायचं. वजनाच्या कागदावर फक्त वजन." मग अंबरपेठ जवळ आल्यावर माझ्याकडे वळलात. "तू तिच्या समोर उभी होतीस. तुझी उंची एवढीच. तुला पारड्याखाली दिसलं होतं?" मी नाही म्हटलं. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणालात की पोरीला फेरीवर न्यायला नको, आणि पुन्हा कधी नेलं नाहीत. तुमचं मला रागावणं एवढंच, आणि ते मला अजून लागतं.

तीन आठवडे फुटपाथवरची ती जागा रिकामी होती. मी बसमधून बघायची. चौथ्या आठवड्यात ती नवा तराजू घेऊन परत आली, आणि तुम्ही मला घेऊन तिच्याचकडे पेरू घ्यायला गेलात! मला शरमेनं मेल्यासारखं झालं. तिनं तुम्हाला पाहिलं, काही न सांगता दोन्ही पारडी उलटी करून दाखवली आणि मग विचारलं, "कित्ता देऊं साब?" त्यानंतर वर्षानुवर्षं तेच. ती पारडी उलटी करायची, तुम्ही मान हलवायचात, पेरू घेऊन आम्ही घरी यायचो. तुमचं दोघांचं काही वाकडं नव्हतं. वाकडं फक्त माझं होतं. मी तुम्हाला दगड म्हणायची, मनातल्या मनात आणि एकदा वहीत. तुम्ही गेल्यावर दहाव्या दिवसापर्यंत मी वाट पाहत होते की कुणीतरी येईल आणि सांगेल, साहेबांनी गुपचूप नवा तराजू घेऊन दिला होता. तसलं कुणी आलं नाही. तुम्ही दिला नव्हता म्हणूनच आलं नाही, आणि आता वाटतं तेच बरं झालं. नाहीतर मला तुम्हाला माफ करावं लागलं असतं, आणि माफ करण्यासारखं तुम्ही काही केलं नव्हतं.

टिपण आज सकाळी लिहून दिलं. वजन चार्जरसकट, बॅटरी साडेसहा तास, दुपारी खिडकीशी पडदा दिसत नाही, प्रोजेक्टरला सरळ जोडता येत नाही. ज्याला प्रवासात काम करायचं, संध्याकाळी पलंगावर बसून सिनेमा पाहायचा, त्यानं जरूर घ्यावा. वर्गात शिकवणाऱ्यासाठी नाही. त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचा एक जाडजूड, कुरूप, सगळीकडून भोकं असलेला लॅपटॉप सुचवला, आणि तो तिच्या दुकानात मिळत नाही. हातात कळ येईल असा जड आहे, आणि त्यातला एक मलाच वाहायचा आहे. तुमच्यासमोर ठेवलं असतं तर तुम्ही एवढंच म्हणाला असता, बरं आहे.

पण त्या मुलीसाठी वेगळा कागद मी लिहिला नाही. लिहिणार होते. मग वाटलं, वेगळा कागद कोण वाचतो? टिपणाची प्रत मात्र दुकानात जाते, तिचा साहेब ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. म्हणून शेवटी मी लिहिलं, "दुकानाच्या प्रतिनिधीनं या यंत्राच्या मर्यादा पहिल्याच दिवशी, न विचारता, स्पष्टपणे सांगितल्या." बाकी सगळं ग्रॅमपर्यंत खरं आहे. ही एक ओळ खरी नाही. एवढ्यानं तिची नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही. ओळ खोडायला अजून वेळ आहे, उद्या सकाळपर्यंत टिपण मुख्याध्यापकांच्या टेबलावरच असेल. मी खोडणार नाही.

उद्या ती येईल. लॅपटॉप उलटा करून खाली चरा नाही ना ते बघेल, तो त्यांचा नियम आहे. त्याआधी हे पत्र पुसायला हवं. राहिलं असतं तरी तिला वाचता आलं नसतं, पण यंत्र घेतलं तसं परत द्यावं हे तुमच्याकडूनच आलेलं आहे. बटणांची परीक्षा झाली. चांगली आहेत, जोडाक्षरं बिनबोभाट उमटतात.

एक राहिलं. बसमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं होतं. मला चिंच दिसली होती, नाना. पहिला घास घेतला तेव्हाच.