दुसऱ्या भागातला पाठमोरा

१ नोव्हेंबर, शनिवार

आज सिडकोतल्या खोलीत राहायला आले. पैठणच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, तेव्हाच वाटलं की दिवस चांगला जाणार. खोली लहान पण स्वच्छ आहे. दोन पलंग आहेत आणि खिडकीतून पाण्याची टाकी व तिच्यावरचे पारवे दिसतात. दुसऱ्या पलंगावर अपेक्षा. तीही आमच्याच लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. मी सोमवारपासून पेशंटचं रक्त काढणार. आमच्या घरात पगारावर जाणारी मी पहिली.

मायने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि आबांची घोंगडी दिली. घोंगडी मला नको होती. तिला मेंढरांचा वास येतो, आणि एक कोपरा फाटला होता तो मायने लाल लोकरीने शिवलाय. आबा म्हणाले, थंडी वाजली तर पांघर, बसायला घेतलीस तर बोलताना जपून. आमच्यात सोयरीक, भांडणाचा निवाडा, सगळं घोंगडी अंथरून होतं. घोंगडीवर बसून बोललेलं खरंच असावं लागतं, नसलं तर ते खरं होऊन बसतं, असं आबा सांगतात. लहानपणी गूळ चोरला की ते नुसती घोंगडी अंथरायचे. मी बसायच्या आधीच रडायचे.

अपेक्षाने विचारलं, वडील काय करतात. मी शेती म्हणाले. थोडी कोरडवाहू जमीन आहे, तेव्हा हे खोटं नाही. पण आबा मेंढरं राखतात हे बोलले नाही. घोंगडी पिशवीत घालून पलंगाखाली सरकवली.

९ नोव्हेंबर, रविवार

अपेक्षा मला शहागंजला घेऊन गेली. सुदर्शन नावाच्या तिच्या मित्राच्या वडिलांची तिथं व्हिडिओ लायब्ररी होती. आता खाली मोबाईलची कव्हरं विकतात, पण माडीवरची खोली अजून कॅसेटींनी भरलेली आहे. दर रविवारी दुपारी तिथं भुताच्या सिनेमांचे शौकीन जमतात. आमच्याकडे जाणती माणसं एडक्याच्या शिंगांवरून भांडतात, तसे हे लोक जुन्या सिनेमांवरून भांडतात. एक म्हणतो जुन्यात धूर फवारणीच्या पंपाने काढायचे, तरी अंगावर काटा यायचा. दुसरा म्हणतो काटा कसला, वटवाघळाची दोरी दिसायची. शिवम नावाचा मुलगा त्या दोरीसाठीच सिनेमा पुन्हा पुन्हा बघतो.

सुदर्शनचं मत असं, की दुसरा भाग काढूच नये. पहिल्या भागात भुताची पाठ असते. दुसऱ्यात तोंड दाखवतात, आणि तोंड आलं की भीती संपते. मला हे फार पटलं.

त्यांच्यात एक चाल आहे. चर्चेतला सिनेमा ज्याने पाहिला नाही त्याने खाली जाऊन सगळ्यांसाठी भजी आणायची. शिवम ओरडतो, "नै देखी? चल, भजी ला." थट्टाच असते. पण मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. जत्रेच्या तंबूत एकदा गेले होते, तेही मायच्या पदरात तोंड घालून. आज नवी म्हणून मला सोडलं. शेवटी 'कोरडी बारव' या सिनेमाचा विषय निघाला. पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे. दुसरा थोडे दिवस लागला आणि गायब झाला, तो यांच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही.

खूप दिवसांनी हसले. माणसं चांगली आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

फरशी गार असते म्हणून अपेक्षाने मला न विचारता घोंगडी सोबत घेतली. सगळ्यांनी हात लावून बघितलं. कुठून घेतली असं कुणीतरी विचारलं. मी प्रदर्शनातून म्हणाले. तेव्हा मी उभी होते.

मग त्यांनी घोंगडी मधोमध अंथरली आणि मला तिच्यावर बसवलं. एकामागून एक सिनेमे निघाले, मी एकही पाहिला नव्हता. शिवमने माझ्याकडे बघून, भजीवालीनं आधी चप्पल घालून ठेवावी, असं म्हटलं. सगळे हसले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की 'कोरडी बारव'चा दुसरा भाग मी पाहिलाय. लहानपणी, जत्रेतल्या तंबूत.

सगळे माझ्याकडे सरकले. शेवट सांग म्हणाले. डोळ्यांसमोर आमच्या गावची बारव आली, आणि संध्याकाळी मेंढरं पाणी पिऊन गेल्यावर पायरीवर बसणारे आबा. मी सांगितलं, की पायरीवर एक म्हातारा काळी घोंगडी पांघरून पाठमोरा बसलेला असतो. हाका मारल्या तरी वळत नाही. नुसता वास येतो, मेंढरांचा. मग तो हळूहळू वळतो, आणि तोंडाच्या जागी नुसती लोकर असते.

शिवमने हातातलं भजं खाली ठेवलं. सुदर्शन म्हणाला, असा दुसरा भाग असेल तर मी माझं मत बदलतो. मला इतका आनंद झाला.

परतताना रिक्षात घोंगडी मांडीवर होती. तेव्हा लक्षात आलं, मी कशावर बसून बोलले ते. आणि कुणाला भूत केलं तेही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मायचा फोन. आबा रविवारपासून बारवेच्या पायरीवर बसून असतात. जेवायला घरी येतात, पण भिंतीकडे तोंड करून जेवतात. अंगद, माझा भाऊ, फिरून समोर गेला, तर त्यांनी पुन्हा पाठ केली. माय म्हणाली, "लई रुसल्यावानी करायलेत. तू काय बोललीस का त्यांना?"

मी नाही म्हणाले. पलंगावर बसले होते, घोंगडी खाली पिशवीत होती. तरी बोलण्याआधी वाकून बघितलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुदर्शनला सिनेमा सापडला. लायब्ररीच्या एका पोत्यात दोन सीडी होत्या, वर पेनाने 'बारव २' लिहिलेलं. मला वाटलं आता माझं खोटं उघडं पडणार, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अपेक्षाने घोंगडी याही वेळी आणली होती, मी तिच्या लाल कोपऱ्याशी बसले.

पहिल्या सीडीच्या अखेरीस बारव आली. पायरीवर तो बसला होता, पाठमोरा.

सगळे माझ्याकडे वळून वाहवा करू लागले. मी पडद्याकडेच बघत होते. त्याच्या घोंगडीचा एक कोपरा लाल लोकरीने शिवलेला होता. मायचा टाका मी कुठंही ओळखीन. तोच टाका त्या क्षणी माझ्या बोटाखाली होता.

तो वळायच्या आधी सीडी संपली. सुदर्शन म्हणाला, असला सिनेमा एका बैठकीत संपवायचा नसतो. दुसरी सीडी पुढच्या रविवारी.

दुसऱ्या सीडीत काय आहे ते मला माहीत आहे. मीच सांगितलंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आबा थोडे वळलेत. मायला एक कान दिसला. कानापासून गालावर पांढरं वाढलंय म्हणाली. न्हाव्याने बघितलं आणि वस्तरा खाली ठेवला. "केस न्हाईत म्हनतो गं ह्ये. लोकर हाय."

ज्यांनी ऐकलं त्यांच्यासमोर, घोंगडीवर बसूनच खरं सांगितलं पाहिजे. एवढंच करायचंय. मग ते विचारतील हे तुला कुठून सुचलं. मग मेंढरं. मग प्रदर्शन.

मला आबांची काळजी वाटते की त्या प्रश्नाची, हे आज दिवसभर कळलं नाही. याचीच जास्त लाज वाटते.

३० नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. दुसरी सीडी लावायच्या आधी घोंगडीवर बसले आणि म्हणाले, मी सिनेमा पाहिलेला नव्हता, ते सगळं रचलेलं होतं. आधी हसले. शिवम म्हणाला, रचलेलं सिनेमात कसं येईल. सुदर्शनने सीडी लावली. बारव आली, पायऱ्या आल्या. पायरीवर कुणी नव्हतं. सिनेमा तसाच संपला. मला रडू आलं, सुटल्यासारखं.

इथंच उठायला हवं होतं.

अपेक्षाने माझ्या पाठीवर हात ठेवला. रागावली नव्हती. म्हणाली, पण इतकं बारीक सांगितलंस, कुणाला तरी बघूनच ना? कोण तो?

शिवम म्हणाला, "असला मेंढरावाला हिच्या वळखीत कशाला असंल?"

सगळे हसले. मीही हसले. आणि म्हणाले, "नाही. मी नाही ओळखत त्याला."

घोंगडीवर बसून.

२ डिसेंबर, मंगळवार

माय आनंदात आहे. आबा बारवेवरून उठून आले, सगळ्यांकडे तोंड करून भाकरी खाल्ली. लोकर गळून पडली. फक्त एक झालंय म्हणाली. भिंतीवरचा माझा पदवीचा फोटो बघून ते विचारतात, ही पोरगी कुणाची.

मला त्यांचं तोंड आठवत नाही. घोंगडी आठवते, काठी, आवाज. तोंडाशी आलं की पांढरं होतं.

अंगदने दिवाळीत काढलेला फोटो मोबाईलमध्ये आहे. माय, अंगद, कोकरं. आणि पाठ करून उभा असलेला एक माणूस. आधी तो समोर बघत होता.

४ डिसेंबर, गुरुवार

अपेक्षा वेरूळला गेली, बहिणीच्या साखरपुड्याला. रविवारी परत येईल. रविवारी पुन्हा सगळ्यांसमोर बसायचं आणि म्हणायचं, ते माझे वडील आहेत, मेंढरं राखतात, मी त्यांची मुलगी. पाठ करून ठेवलंय. एवढं साधं वाक्य.

पलंगाखाली पिशवी आहे. घोंगडी नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

लॅबमधून आले. कुलूप होतं तसंच होतं. आत वास — मेंढरांचा.

माझ्या पलंगावर कुणीतरी बसलंय. काळी घोंगडी. माझ्याकडे पाठ. लाल टाका.

आबा म्हणून हाक मारली. वळले नाहीत.

दाराशी उभी राहून मायला फोन लावला. आबा कुठं आहेत? "हितं हायेत की. माझ्याम्होरं जेवायलेत." त्यांना दे म्हणाले. पलीकडून आवाज आला, आबांचाच — "कोन?" मी म्हणाले, रत्नमाला. ते म्हणाले, कोण रत्नमाला.

मग हे —

घोंगडीचा कोपरा फरशीवर लोळतोय. त्याच्यावर बसून म्हणायचं, हे माझे आबा. म्हटलं की खरं होईल. तेच असतील तर सगळं परत येईल. नसतील तर — तरीही खरं होईल. मग जो माझा बाप होईल तो हा, आणि तिकडं जेवत बसलेला तो —

नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा नाकारल्यासारखं.

तोंड माहीत असतं तर कळलं असतं. तोंड मीच —

खांदा हलला.

सुदर्शन म्हणाला होता तोंड आलं की भीती —

कान दिसतोय. कानात बाळी. आबांच्या कानात बाळी होती का? मी त्यांची मुलगी आणि मला —

कोपऱ्यावर बसलेय. मांडीवर वही. बोलत बोलत लिहिते, म्हणजे निदान लिहिलेलं —

वळताहेत. गाल. पांढरा. दाढी असेल. दाढीच —

हे माझे