पिलं मोजायची नसतात

आये, आज सकाळी आपल्या अंगणातल्या खळ्यात कोंबडी घारीच्या अंगावर धावून गेली. अगदी धावून, आणि शेवटचं हातभर अंतर चक्क उडून. मी पायरीवर चहा घेऊन उभी होते. तो कप मी कुठे ठेवला ते अजून आठवलेलं नाही. पलीकडची काकी कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून टाळ्या पिटत होती, तिच्या गुडघ्यांचं दुखणं त्या वेळी कुठे गेलं होतं कोण जाणे. हे तुला सांगितल्याशिवाय मला घास उतरला नसता. तू गेल्यापासून इतक्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि लिहायला बसले ती कोंबडीमुळे, याचा राग मानू नकोस. माझ्या पदवीपेक्षा कोंबड्यांमध्ये तुला जास्त रस होता, हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं.

पहिल्यापासून सांगते. शाळेतली नोकरी सोडून मी घरी परत आले आणि अंड्यांपुरती म्हणून कट्टा गावच्या बाजारातून एक तांबडी कोंबडी आणली. थोडे दिवस तिने इमानाने अंडी दिली आणि मग ती अंगणातून नाहीशी झाली. सापडली ती पडवीत, माझ्या व्याकरणाच्या पुस्तकांच्या खोक्यात. खाली अंडं नाही, काही नाही, नुसती पुस्तकं उबवत बसलेली. उचलायला गेले तर पिसं फुलवून अशी गुरगुरली, की इतकी वर्षं मुलांवर ओरडून मला तो स्वर कधी साधला नव्हता. काकीला बोलावलं. ती म्हणाली, "खुडूक झाली गो ती. आता तिका बसय." आणि पदरातून स्वतःच्या घरची अंडी घेऊन आली. किती, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. टोपलीत पेंढा घातला. ढग गडगडले की अंडी बिघडतात म्हणून तू टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवायचीस, तेही आठवलं. घरात खिळा सापडेना, म्हणून कंपासपेटीतलं कर्कटक ठेवलं. काकीने ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नुसता पेंढा सारखा केला. एवढा संयम तिने आयुष्यात पहिल्यांदा दाखवला असेल.

पिलं निघाली तो दिवस तर विचारूच नकोस. कवचाच्या आतून बारीक आवाज, बाहेरून कोंबडीचं हळू आवाजात उत्तर, आणि मी टोपलीशेजारी जमिनीवर पालथी, कान लावून. दादाला मुंबईला फोन केला. तो ऑफिसात होता, पण मालवणीतच ओरडला, "किती झाली गो?" मी मोजायला बोट उचललं आणि तसंच मागे घेतलं. कारण तेवढ्यात तू बोललीस. चुलीपुढे बसलेली होतीस, हातात फुंकणी, आणि मी शाळकरी पोर बोट नाचवत पिलं मोजतेय. "मोजू नको गो चेडवा, घार आयकता." मी विचारलं होतं, मग गेली किती ते कळणार कसं? तू फुंकणी खाली न ठेवता म्हणालीस, "जिची पिलां तिका कळतत." म्हणून दादाला मी सांगितलं, "बहुवचन." तो म्हणाला, "तुझी मास्तरकी काय जायची नाय."

पण आये, आयुष्यभर हजेरी घेतलेल्या बाईला समोर बसलेला वर्ग मोजल्याशिवाय राहवतं का? दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी मी एक युक्ती काढली. आपल्या आकाशातली घार झाली तरी ती इथलीच, तिला फार तर मालवणी कळेल. म्हणून मी संस्कृतात मोजलं. संस्कृतात पिलू म्हणजे शावक, पुल्लिंगी, तेव्हा एकः, द्वौ, त्रयः, अशी व्यवस्थित लिंग सांभाळून. शेवटच्या आकड्यापर्यंत पोचले, आणि माडाच्या झावळ्यांवरून एक सावली आली, अंगणातून गेली, आणि माझा आकडा चुकीचा झाला.

काकीने गडग्यावरून विचारलं, "मोजलंस मां?"

"संस्कृतात मोजलंय काकी."

"गे बाये! घारीक सगळ्या भाषा येतत, ती वरसून आयकता."

त्यानंतर उतरती कळाच लागली. एक पिलू पाण्याच्या भांड्यात बुडालं. काकीने ते भांडं उचलून करवंटी ठेवली. एक भारद्वाजाने नेलं. आपल्याकडे त्याला कुकुडकोंबा म्हणतात, आणि तेच बरोबर आहे; ऋषीचं नाव लावून तो कुंपणातून दबकत येतो आणि दुसऱ्याची लेकरं उचलतो. एक तर नुसतंच सकाळी उठलं नाही. ते मी केळीच्या बुंध्याशी पुरलं, आणि हसू नकोस, थोडी रडले. कोंबडीकडे बघत होते. तिने हाक मारली, मान तिरकी करून थांबली, पुन्हा हाक मारली. मग माती उकरली आणि उरलेल्यांना किडा दाखवला. मला वाटलं होतं, ती विसरली. नंतर लक्षात आलं, रोज संध्याकाळी टोपलीत शिरायच्या आधी ती तशीच मान तिरकी करून थांबते. सगळी आत आलेली असतात, तरी थांबते.

शेवटी उरलं द्विवचन. मराठीला ते नाही, मालवणीला नाही, संस्कृतात मात्र दोघांसाठी वेगळं रूप आहे: शावकौ. लहानपणी मी ते शिकून आले तेव्हा तुला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तू विचारलंस, "तुझ्या संस्कृतात कोंबयेक काय म्हणतत?" मी म्हटलं, कुक्कुटी. "तशी हाक मारल्यार येतली?" एवढ्यावर तू माझं शास्त्र संपवलंस.

आणि त्याच दिवसांत ते सरकारी गृहस्थ घरोघर माणसं लिहून घ्यायला आले होते, आठवतं? पडवीत बसून त्यांनी विचारलं, मुलं किती? तू ताकाचा पेला पुढे करत म्हणालीस, "आसत दोन-तीन." मी दारामागून पुढे आले. दोन-तीन काय, आये? दोन! दादा आणि मी! दोघांसाठी नेमकं रूप असताना असं ढोबळ का बोलायचं? ते गृहस्थ हसले. तू हसली नाहीस. "तू गप रव गो, पंडितीण," म्हणालीस आणि आत गेलीस. दादाच्या आणि माझ्यामधलं एक भावंड होतं आणि ते एका पावसाळ्यापलीकडे राहिलं नाही, हे मला ऐकून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं, उमजणं वेगळं. त्याला तू कधी नाव घेऊन आठवलं नाहीस. फक्त आकड्यात त्याची जागा ठेवलीस. मी व्याकरणात इतकी वर्षं घालवली, पण असं वचन कुठल्या भाषेत बघितलं नाही.

तर आज सकाळ. दोन्ही पिलं आता पंख फुटलेली, हडकुळी, वर्गातल्या उनाड पोरांसारखी. कणी टिपत खळ्याच्या मधोमध. सावली आली. मी ओरडले, काकी ओरडली, आणि आमच्याआधी ती तांबडी. पिलं जास्वंदीखाली, आणि ही चोच उघडून सरळ वर! धूळ, पिसं, एक खरबरीत किंकाळी, आणि घार रिकाम्या पायांनी माडावर. "बघ गो बघ! गेली घार!" काकी गडग्यावर नाचत होती. कोंबडीची शेपूट निम्मी उडालेली, पण चाल बघायची होतीस, जणू काटेकोर उच्चारात काहीतरी म्हणून दाखवलंय. मी तिला भिजवलेले तांदूळ दिले, काकीला चहा दिला, आणि दादाला फोन लावला. सगळं धापा टाकत सांगितलं. तो विचारतो, "मगे आता किती रवली?"

मी म्हटलं, "आसत दोन-तीन."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आयेसारखां बोललंस."

आता हे पत्र टपालात टाकायचं तर पत्ता काय लिहू? तांबडी पुन्हा खुडूक होईल तेव्हा टोपलीत पेंढ्याखाली घालीन. कागद उबवायची तिला सवय आहेच. एकच सांगायचं राहिलं. संध्याकाळी पिलं आत गेली, कोंबडी मान तिरकी करून टोपलीपाशी थांबली, आणि टोपली झाकायला गेलेली मीही थांबले. दोन्ही आत आहेत हे मी स्वतः बघितलं होतं. तरी झाकण लगेच लावलं नाही.